बंद दारासमोरची गाडी

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री नदी महाड ओलांडून खाली येते, आंबेत आणि म्हाप्रळच्या मधून वाहते आणि हरिहरेश्वर व बाणकोट यांच्यामध्ये अरबी समुद्राला मिळते. उत्तरेचा तीर रायगड जिल्ह्याचा, दक्षिणेचा रत्नागिरीचा. दोन्ही तीरांवर आपली जुनी वस्ती आहे. खाडीच्या काठाला धक्का, धक्क्यापासून वर चढणारी पाखाडी, मध्ये मशीद आणि तिच्या भोवती नारळी-पोफळीत लपलेली घरे. बहुतेक घरे आता दुमजली, रंगीत ग्रिलची आणि संगमरवरी पायऱ्यांची. त्यातली निम्मी तरी कुलूपबंद असतात.

मे महिन्याच्या अखेरीस या गावांतून फिरताना बंद दाराइतकीच आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. ती म्हणजे दारासमोर झाकून ठेवलेली गाडी. कुठे चांदीच्या रंगाचे कव्हर, कुठे निळी ताडपत्री, कुठे जुन्या चादरी टाकून वर नारळाची झापे. मालक कुवेत, दोहा, दुबई किंवा मस्कतला. ईदला किंवा मेमधल्या लग्नसराईला तो येतो, महिनाभर गाडी फिरवतो आणि पावसाच्या आधी निघून जातो. उरलेले नऊ-दहा महिने गाडी अंगणात उभी असते. या उभ्या गाड्यांबद्दल आम्हाला आज लिहायचे आहे. घराघरात आता हा प्रश्न आला आहे आणि त्याची उत्तरे मात्र फारशी कोणी सांगत नाही.

शाळेला सुट्टी होती. श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत आम्ही बागमांडल्याला पोहोचलो आणि फेरीबोटीत गाडी चढवून पलीकडे वेसवीला उतरलो. आंबेतच्या पुलावरून फिरून येण्यापेक्षा हा रस्ता जवळचा आणि मुलांच्या आवडीचा. आंबेत हे माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांचे गाव, हे मुलांना सांगण्याची संधी मात्र त्यामुळे हुकली. बोटीतून उजव्या हाताला बाणकोटचा किल्ला दिसतो. इंग्रजांनी तो घेतल्यावर त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले होते. या खाडीतून माणसे बाहेर जातात ती आजची नाहीत. आधी गलबतांवर, मग मुंबई बंदरातून आगबोटींवर खलाशी म्हणून, आणि १९७० नंतर तेलाच्या देशांत. फरक एवढाच की पूर्वी जाणारा माणूस मागे घर, शेत आणि गुरे ठेवून जायचा. आता त्यात गाडीची भर पडली आहे.

गाडीही पूर्वीची राहिलेली नाही. वीस वर्षांपूर्वी गावात जीप किंवा छोटी मारुती असायची. सहा महिने उभी राहिली तर बॅटरी उतरायची. मग चार पोरे गोळा करायची, उतारावर धक्का मारायचा आणि गाडी धूर सोडत चालू व्हायची. आता आखातात राहिलेला माणूस तिथे हायब्रिड गाड्या रोज पाहतो. दुबईत तर टॅक्सीसुद्धा हायब्रिड असतात. जपानमध्ये १९९७ साली टोयोटाची प्रियस आली तेव्हापासून ही गाडी जगाला ठाऊक आहे. आपल्याकडे २०२२ पासून होंडा, टोयोटा आणि मारुती यांच्या मध्यमवर्गाला परवडतील अशा हायब्रिड गाड्या बाजारात आल्या आणि कोकणातल्या अंगणात पोहोचल्या. पेट्रोल कमी लागते, आवाज नाही, किल्ली खिशातच ठेवायची, दाराला हात लावला की दार उघडते आणि बटण दाबले की गाडी तयार. अम्मी-अब्बांना त्रास नको म्हणून मुलगा मुद्दाम अशी गाडी घेतो.

वेसवीच्या पुढे खाडीकाठच्या एका गावात आमच्या ओळखीच्या घरी आमचा मुक्काम होता. घरात चाचा आणि चाची दोघेच. चाचांनी कुवेतमध्ये बावीस वर्षे ट्रेलर चालवला आहे. मुलगा दोह्याला असतो. अंगणात गेल्या वर्षी घेतलेली त्याची पांढरी हायब्रिड उभी होती. तिच्याकडे पाहत आम्ही सहज म्हणालो, "चाचा, उद्या हिच्यातूनच दापोलीला जाऊ या की."

चाचा काही बोलले नाहीत. उत्तर चाचींनी दिले. "त्या गाडीपेक्षा आमची म्हैस बरी होती हो. हाक मारली की ओ तरी द्यायची."

मग हळूहळू सगळे कळले. तीन आठवड्यांपूर्वी रात्री एक वाजता चाचींच्या छातीत दुखू लागले, घाम फुटला. चाचांना रात्री नीट दिसत नाही म्हणून त्यांनी शेजारच्या आळीतून पुतण्याला बोलावले. पुतण्या किल्ली घेऊन गाडीजवळ गेला. दाराला हात लावला, दार उघडेना. किल्लीचे बटण दाबले, काही नाही. ना दिवा लागला, ना आवाज झाला. वीस मिनिटे दोघे गाडीभोवती फिरले. शेवटी आंबे वाहणारा एक टेम्पो उठवला आणि चाचींना पुढच्या सीटवर दोघांच्या मध्ये बसवून तालुक्याच्या दवाखान्यात नेले. अल्हम्दुलिल्लाह, रक्तदाब वाढल्याचे निघाले आणि दोन दिवसांत त्या घरी आल्या. पण ती वीस मिनिटे चाचा विसरलेले नाहीत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी हे मुलाला सांगितले नव्हते. वीस लाखांची गाडी आपल्या हातून बिघडली असे त्यांनी मनात घेतले होते.

"आम्ही तर दर जुम्म्याला नमाजहून आल्यावर गाडी चालू करत होतो," चाचा म्हणाले. "मुलानेच सांगितलं होतं, अब्बा, आठवड्यातून एकदा बटण दाबून दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवत जा. एकही जुम्मा चुकवला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडणगडहून गाड्यांचे काम करणारा एक मुलगा आला. पंचविशीतला असेल. त्याने प्रथम किल्ली मागितली आणि तिच्या बाजूची छोटी कळ सरकवून आतून एक साधी लोखंडी किल्ली बाहेर काढली. चाचांनी ती पहिल्यांदाच पाहिली. ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीवरचे प्लास्टिकचे टोपण काढल्यावर आत कुलपाचे छिद्र होते. किल्ली फिरवताच दार उघडले. म्हणजे त्या रात्रीसुद्धा दार उघडले असते. गाडी चालू झाली नसती, हा भाग वेगळा.

मग त्याने चाचांना एक प्रश्न विचारला. "चाचा, तुम्ही जुम्म्याला गाडी चालू करायचात तेव्हा एसी थंड लागायचा का?"

चाचांनी आठवून पाहिले. "नाही. नुसता वारा यायचा. रेडिओ लागायचा, पडदा लागायचा."

"आणि बटण दाबताना ब्रेकवर पाय ठेवायचात का?"

"ब्रेक कशाला? गाडी कुठे हलवायची होती?"

मुलगा हसला नाही, हे आम्हाला आवडले. तो गाडीच्या दारात उकिडवा बसला आणि समजावून सांगू लागला. त्याने जे सांगितले ते आम्ही आमच्या शब्दांत मांडतो.

हायब्रिड गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, जी चाके फिरवायला मदत करते. दुसरी साध्या गाडीत असते तशी बारा व्होल्टची छोटी. मोठ्या बॅटरीत कितीही ताकद असली तरी गाडी उभी असताना ती तोडलेली असते. तिचा प्रवाह जोडणारे स्विच छोट्या बॅटरीवर चालतात. दाराची कुलपे, किल्ली ओळखणारे यंत्र, गाडीचे संगणक, धोक्याचा भोंगा हे सगळे छोट्या बॅटरीवर. मोठ्या वाड्याची चावी पहारेकऱ्याच्या कमरेला असते, तसे हे आहे. पहारेकरी बेशुद्ध पडला तर वाड्यात धान्य कितीही असो, दार उघडत नाही.

साध्या गाडीत छोट्या बॅटरीला इंजिन फिरवावे लागते म्हणून ती दणकट असते. हायब्रिडमध्ये इंजिन फिरवण्याचे काम मोठ्या बॅटरीवरची मोटर करते. त्यामुळे छोटी बॅटरी बऱ्याचदा आकाराने लहान दिलेली असते. गाडी बंद असतानाही तिच्यातून थोडा प्रवाह झिरपत राहतो. वर्गात घालतो तसे गणित घालून पाहू. बॅटरी ४० अँपिअर-तासांची धरा आणि झिरपणारा प्रवाह ४० मिलीअँपिअर धरा. दिवसाच्या चोवीस तासांत जवळजवळ एक अँपिअर-तास खर्च होतो. म्हणजे चाळीस दिवसांत बॅटरी कोरडी. गाडी मात्र त्याच्या बरीच आधी हात वर करते, कारण बॅटरी अर्ध्याखाली गेली की तिचा दाब घसरू लागतो. चांगली भरलेली बॅटरी शांत असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टच्या आसपास आली की ती जवळपास रिकामी समजावी.

आता किल्लीचे. बिनकिल्लीच्या दाराची गाडी आपल्या किल्लीला हाका मारत असते. तिची हाक हातभर, फार तर दोन हात पोहोचते. किल्ली जवळ असली की तीही उत्तर देते. चाचांची किल्ली पडवीच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती आणि भिंतीच्या पलीकडे गाडीचे दार. दोघांचे बोलणे दिवसरात्र चालू. त्यात किल्लीतला नाण्याएवढा सेलही संपतो आणि गाडीची बॅटरीही खर्च होते. काही गाड्या बरेच दिवस कोणी दार उघडले नाही तर ही हाक आपणहून कमी करतात, पण त्यावर विसंबू नये. किल्ली गाडीपासून दूर, आतल्या खोलीत ठेवावी. पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवली तर आणखी चांगले. शहरात चोर यंत्राच्या मदतीने घरातल्या किल्लीची हाक गाडीपर्यंत लांबवतात आणि दार उघडतात. डब्यामुळे तीही काळजी मिटते.

आणि चाचांचा जुम्मा? ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबले तर गाडी फक्त रेडिओ, पडदा, पंखा चालू करते. हे सगळे छोट्या बॅटरीवर. मोठी बॅटरी छोटीला भरते ती फक्त डॅशबोर्डवर ‘रेडी’ हा दिवा लागल्यावर, आणि तो लागतो ब्रेक दाबून बटण दाबल्यावरच. साध्या गाडीत इंजिनचा आवाज आला की कळते. हायब्रिड चालू असूनही गप्प असते, त्यामुळे आवाज नाही याचे चाचांना काही वाटले नाही. चार महिने दर शुक्रवारी ते गाडीची काळजी म्हणून जे करत होते, त्याने बॅटरी आणखी रिकामी होत होती. ज्याने सांगितले त्याने अर्धेच सांगितले होते, आणि ज्याने ऐकले त्याने ऐकलेले इमानाने पाळले होते.

मुलाने आपल्याबरोबर आणलेली बॅटरी जोडली. लाल तार धनाला, काळी तार गाडीच्या उघड्या लोखंडाला. "उलटी लागली तर लाखाचं काम," तो म्हणाला. हायब्रिडला जागे करायला फार ताकद लागत नाही, संगणक उठले की पुढचे काम मोठी बॅटरी करते. मात्र आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याची गाडी चालू करून देऊ नये, बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात तशी मनाई किंवा ताकीद असते. आणि धक्का मारून ही गाडी कधीच चालू होत नाही. बऱ्याच गाड्यांत गिअर आणि हँडब्रेकही विजेवरच सुटतात, त्यामुळे बॅटरी गेलेली गाडी जागची ढकलतासुद्धा येत नाही.

‘रेडी’ दिवा लागला. दोन मिनिटांनी इंजिन आपोआप सुरू झाले आणि थोड्या वेळाने आपोआप बंद झाले. चाचा हात मागे बांधून उभे होते. तासभर गाडी अंगणात तशीच ठेवल्यावर त्यांनी स्वतःच मुलाला फोन लावला. दोह्यात कामाची वेळ होती, तरी त्याने उचलला. सगळे ऐकून तो काही क्षण बोललाच नाही. मग म्हणाला, "अब्बा, ब्रेकचं मी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, बावीस वर्षं ट्रेलर चालवलेल्या माणसाला काय सांगायचं." आणि पाठोपाठ, "अम्मीचं मला कळवलं का नाही?" याचे उत्तर चाचांकडे नव्हते. फोन त्यांनी चाचींच्या हातात दिला.

संध्याकाळी असरनंतर चाचा एक मोठा पुठ्ठा घेऊन आले. "तुम्ही शिक्षक माणसं. मोठ्या अक्षरात लिहून द्या. एका बाजूला मराठीत, एका बाजूला उर्दूत. ही उर्दूच वाचते." आम्ही लिहून दिले. मराठीची बाजू अशी होती:

१. किल्ली आतल्या खोलीत, कपाटातल्या डब्यात. पडवीत टांगायची नाही.

२. दर जुम्म्याला ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबायचे. ‘रेडी’ दिवा लागला का ते पाहायचे. लागला नाही तर पुन्हा करायचे.

३. ‘रेडी’ लागल्यावर अर्धा तास ते तासभर ठेवायचे. गाडी अंगणात मोकळ्या हवेत असेल तरच. बंद शेडमध्ये कधीही नाही.

४. तेवढा वेळ कोणीतरी जवळ थांबायचे. लहान मुलांना आत बसू द्यायचे नाही.

५. महिन्यातून एकदा पुतण्याने पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणायची.

६. झाल्यावर बटण दाबून पूर्ण बंद. सगळे दिवे विझले का पाहायचे.

७. दार उघडले नाही तर: किल्लीतून लोखंडी किल्ली काढा, मुठीवरचे टोपण काढा, फिरवा. किल्लीचा सेल संपला असेल तर ती बटणाला टेकवून मग बटण दाबा.

८. नारंगी तारांना हात लावायचा नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या ओळीबद्दल थोडे जास्त सांगितले पाहिजे. हायब्रिडचे इंजिन आपल्या मर्जीने सुरू होते. बंद शेडमध्ये ‘रेडी’ करून कोणी घरात गेले, तर विषारी धूर साचतो आणि त्याला वास नसतो. तसेच ‘रेडी’ असलेली गाडी अगदी गप्प उभी असते. मुलाला ती बंद वाटते, त्याचा हात गिअरवर आणि पाय पेडलवर गेला की ती चालू पडते. आखातातून आलेल्या बापाने ही दोन वाक्ये घरातल्या प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाने सांगून जावे.

मात्र हे सगळे करायला घरात कोणी नसेल, घर कुलूपबंदच असेल, तर वेगळा उपाय लागतो. दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल, तर जाणकाराकडून छोट्या बॅटरीची ऋण तार काढून घ्यावी आणि दारे लोखंडी किल्लीने लावावीत. काही गाड्यांत ही बॅटरी मागच्या डिकीत असते आणि डिकीचे दार विजेवर उघडते. तिथे घाई केली तर पुन्हा बॅटरीपर्यंत पोहोचणेच कठीण होते, म्हणून हे काम आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावे. मोठी बॅटरीही उभ्या-उभ्या हळूहळू उतरतच असते. काही कंपन्यांच्या पुस्तकात काही महिन्यांतून एकदा तरी अर्धा तास किंवा १६ किलोमीटर गाडी चालवावी असे लिहिलेले असते. वर्षभर पूर्ण विसरून जाता येईल अशी ही गाडी नाही.

दापोलीच्या बाजूला हर्णैच्या बंदरात आम्ही उतरलो तेव्हा माणसे नौका आवरण्याच्या घाईत होती. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी असते. त्याआधी नौका किनाऱ्यावर ओढायच्या किंवा आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला न्यायच्या. आम्ही तासभर पाहत उभे राहिलो. नौका सरळ उभी राहावी म्हणून दोन्ही बाजूंना लाकडी टेकू. जाळी धुऊन, वाळवून घरी. बॅटरी उतरवून घरी. वरचे झाकण असे बांधलेले की पाणी घसरून जावे आणि आत वारा खेळावा. एका नाखव्याला विचारले, पावसात या नौकेकडे कोण बघते? तो म्हणाला, "बघायला माणूस ठरलेला असतो. नुसती झाकून कोणी जात नाही."

गाडीलाही हेच लागू पडते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधली की आतली दमट हवा बाहेर पडत नाही. सीटला बुरशी येते, लोखंडाला गंज. हवा जाईल असे कापडी कव्हर घ्यावे आणि वर शेडचे छप्पर असावे. हँडब्रेक ओढून ठेवला तर खाऱ्या हवेत ब्रेक चिकटून बसतात. गाडीच्या पुस्तकात परवानगी असेल तर ती ‘पी’मध्ये ठेवून हँडब्रेक सोडावा आणि चाकांना चिऱ्याचे तुकडे लावावेत. टायरमध्ये हवा थोडी वाढवून ठेवावी. पेट्रोलची टाकी भरून ठेवावी, कारण हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते ओलावा ओढते. पावसाळ्यासाठी रचलेला लाकूडफाटा आणि पेंढा गाडीपासून लांब ठेवावा. उंदीर तिथेच घर करतात आणि रात्री गाडीच्या तारा कुरतडतात.

दाभोळला आदिलशाही काळातली मशीद पाहून आम्ही पुन्हा फेरीबोटीत बसलो आणि वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला, तिथून चिपळूणला आलो. २२ जुलै २०२१ चा महापूर चिपळूणकर विसरलेले नाहीत. बाजारपेठेतल्या दुकानदारांनी पाणी कुठवर आले होते ते भिंतीवर हात ठेवून दाखवले. आमच्या डोक्याच्या वर. त्या पुरात दारासमोर आणि इमारतींच्या खाली उभ्या असलेल्या किती तरी गाड्या बुडाल्या. चालक हजर असता तर त्यातल्या काही उंचावर नेता आल्या असत्या. ज्यांचे मालक दूर होते, त्यांच्या गाड्या जागच्या जागी राहिल्या. बुडालेल्या हायब्रिडला तर जाणकाराखेरीज कोणी हातच लावू नये, कारण मोठ्या बॅटरीचा दाब जीवघेणा असतो. म्हणून खाडीकाठच्या आणि नदीकाठच्या माणसाने गाडी ठेवताना गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, पाणी कुठवर येते? आणि त्या रेषेच्या वर कोणाचे अंगण मोकळे आहे?

कागदांचेही पाहून घ्यावे. विमा मालक परदेशात असताना संपतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे निदान तिसऱ्या पक्षाचा विमा नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे पुतण्याने महिन्यातून एकदा चालवून आणायची, तर विमा आणि पीयूसी चालू पाहिजे, त्याच्याकडे परवाना पाहिजे आणि कागद कुठे आहेत हे त्याला माहीत पाहिजे. आमची आणखी एक सूचना आहे. परवाना फक्त पुतण्याकडेच का? घरातल्या सुनेने, मुलीने गाडी शिकून घ्यावी. रात्री एक वाजता आळीतून माणूस बोलावण्यापेक्षा ते बरे. या सफरीत आम्हाला दोन घरे अशी भेटली जिथे सून गाडी चालवते. त्या दोन्ही घरांच्या गाड्यांवर कव्हर नव्हते आणि दोन्ही गाड्या चालू होत्या.

परदेशी जाणारा माणूस घराची किल्ली देताना किती गोष्टी सांगतो! पंपाचे बटण कुठे, गॅस कुठे बंद करायचा, कोणत्या खोलीचे कौल गळते. गाडीची किल्ली मात्र तो गुपचूप खिळ्याला टांगतो किंवा खिशात घालून विमानात बसतो. किल्ली दुसऱ्याच्या हातात देणे म्हणजे अमानत सोपवणे. जो ती घेतो त्याला नीट शिकवून देणे हे देणाऱ्याचे काम आहे. निघण्याआधीचा अर्धा तास त्यासाठी राखून ठेवावा. अब्बांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवावे, त्यांच्या हातून ‘रेडी’ दिवा लावून घ्यावा, लोखंडी किल्लीने दार उघडून घ्यावे आणि अम्मीलाही ते पाहायला बोलवावे.

शाळा सुरू झाल्यावर चाचांचा फोन आला. तिकडे धो-धो पाऊस लागला होता. पुठ्ठा त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून पडवीत किल्लीच्या जुन्या खिळ्यालाच अडकवला आहे. आता जुम्म्याला ‘रेडी’ दिवा लागला की नाही ते चाचीच खिडकीतून वाकून पाहतात आणि एसी थंड लागतो का, हेही विचारतात.